आपल्या बोअरबद्दल

कोपरखैरणे, नवी मुंबई

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस, की गावच्या बैठकीत तू बोअरबंदीचा ठराव मांडलास तेव्हा एकानं उठून तुला विचारलं, "आधी तुमच्या बोअरचं काय ते बोला." मग तू गप्प झालीस, आणि मीही. तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून लिहितोय.

तुझे फोटो रोज बघतो. पुण्याहून सुट्टी टाकून आलेली पोरं, समपातळी शोधायच्या ए-फ्रेमचा दोरा मधल्या खुणेवर येईपर्यंत पाय सरकवणाऱ्या मुली, फक्कीच्या रेघा आणि त्यावर खणलेले चर. १९७२ ला मी आठ वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी. त्या खडीचा रस्ता झाला आणि त्याच रस्त्यानं आमची पिढी मुंबईला पोती उचलायला आली. तुम्ही त्याच माळावर पाणी अडवायला परत गेलात. हे बघून मला काय वाटतं ते लिहिता येत नाही.

आता बोअरचं. २०१३ चा उन्हाळा तुला आठवत असेल. जनावरं म्हसवडच्या छावणीत होती. मी साठवलेले पैसे काकाकडे पाठवले आणि वरच्या वावरात बोअर मारलं. चारशे फुटांवर पाणी लागलं. बाजारात मी पेढे वाटले. खालच्या मळ्यातल्या तात्यांची विहीर पंचेचाळीस फुटांची. बहात्तरलासुद्धा तिनं तळ दाखवला नव्हता, अर्ध्या आळीनं तिच्यावर घागरी भरल्या. आपलं बोअर झालं आणि ती आटली. दुष्काळच आहे, असं मी मनाला सांगितलं. पण पुढं पाऊस बरा झाला तरी ती संक्रांतीलाच कोरडी पडायला लागली, आणि आपल्याकडं काकानं वीस गुंठे ऊस लावला. तात्या मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मीही कधी विषय काढला नाही.

तूच मला नंतर समजावून दिलंस, की आपल्याकडं खाली काळा कातळ आहे, चरात जिरलेलं पाणी आधी मुरमात साठतं आणि मग भेगांतून खाली जातं. विहीर त्या मुरमावर जगते आणि बोअर त्याच भेगांतून पाणी ओढतं. तू ते नकाशावर दाखवत होतीस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तात्यांची विहीर होती.

टाकेवाडी आपल्याच माण तालुक्यातली. २०१८ ला वॉटर कपात, म्हणजे गावागावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, तिनं राज्यात पहिला नंबर काढला, पंचेचाळीस दिवस गाव राबलं. खणायला आपली माणसं मागं हटत नाहीत, ते तू करून घेशील. अवघड आहे ते पाणी वर आल्यावरचं. नगरकडच्या हिवरे बाजारला सरपंच असताना पोपटराव पवारांनी नुसते चर खणून काम थांबवलं नाही. शेतीसाठी बोअर नाही हे गावानं ठरवलं, आणि दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. तुझा ठराव त्याच वाटेचा आहे: शेतीला नवं बोअर नाही, जुन्या बोअरवर ऊस नाही. तो मागं घेऊ नकोस. फक्त बोअरवाल्यांच्या यादीत पहिलं नाव आपलं लिही. काकाशी मी बोललोय. तो चिडला, साहजिक आहे, पण हा ऊस तुटल्यावर खोडवा ठेवणार नाही एवढं त्यानं कबूल केलंय.

आणखी एक. श्रमदानाला कोण आलं नाही त्यांची नावं फळ्यावर लिहिता, असं कळलं. ते पुसून टाका. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यानं मजुरी बुडवून दुसऱ्याच्या विहिरीसाठी का खणावं? त्याच्या घरी जाऊन बस. त्याला काय हवंय, गायरानातला चारा, दारात नळ की रोजगार हमीचं काम, ते विचार आणि तेही ठरावात घाल. तुझी पोरं मनानं चांगली आहेत, पण तरण्या रक्ताला वाटतं की जो आला नाही तो विरोधात आहे. मी बाजारात टोळीचा मुकादम होतो. जो कामावर आला नाही त्याच्या घरी बहुतेकदा काहीतरी घडलेलं असायचं.

तुझी आई म्हणते, डोक्याला रुमाल बांध, उन्हात पाण्याची बाटली विसरू नकोस. तिनं शेंगदाण्याचे लाडू केलेत, ते घेऊन येतोय. १ मेच्या ग्रामसभेला मी हजर असेन. ३० तारखेला पहाटे दहिवडीला उतरतो. घरी येण्याआधी तात्यांकडं जाईन. तिथं तू येऊ नकोस, मला एकट्यालाच जाऊ दे.

तुझे
अण्णा