सेव्ह लोड करू न देणाऱ्या दादाला

प्रिय दादा,

परळच्या आपल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तुझी खोली, आणि खोलीत तो कॉम्प्युटर. ग्राफिक्स कार्डासाठी तू लॅमिंग्टन रोडला किती खेपा घातल्यास ते मला माहीत आहे, शेवटच्या खेपेला मी बरोबर होते. २०१५ चा पावसाळा, मी आठवीत, 'द विचर ३' हा व्हिडिओ गेम नुकताच आलेला. मी मराठी शाळेतली. त्यातल्या माणसांचं इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं. तू शेजारी बसून वाक्य न् वाक्य मराठीत सांगायचास. निवड करायची वेळ आली की म्हणायचास, "वरचं म्हणजे सोड, खालचं म्हणजे मार. कुठलं घ्यायचं ते तुझं तू बघ."

आभार मानायचे आहेत ते मात्र दुसऱ्याच गोष्टीचे.

गेममधल्या वेलेन प्रांतातली ती टेकडी आठवते? झाडाच्या मुळांत अडकलेला आत्मा म्हणतो, मला सोडव, दलदलीतली अनाथ पोरं मी वाचवतो. मी सोडवला. पोरं वाचली. पण डाउनवॉरन गाव उद्ध्वस्त झालं, तिथल्या सरदाराची, बॅरनची, बायको गेली, आणि मागोमाग बॅरनने गळफास घेतला. मी रडत रडत जुना सेव्ह, म्हणजे निवडीच्या आधी साठवलेला खेळ, लोड करायला गेले, तर तू माउसवरचा माझा हात बाजूला केलास. "आता हे तुझं. पुढे खेळ." दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

तू तुझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या 'फेबल' या गेमबद्दल सांगायचास. चांगलं वागलं की डोक्याभोवती तेजोवलय, वाईट वागलं की शिंगं. 'फेबल २' तू मित्राकडे एक्सबॉक्सवर संपवलास. शेवटी तीन पर्याय: परत काय हवं? स्पायर नावाचा मनोरा बांधताना मेलेले हजारो लोक, किंवा आपली माणसं आणि आपल्यासाठी गोळी झेललेला कुत्रा, किंवा पैसा. "मी माझा कुत्रा परत आणला," म्हणालास. मला तेव्हा हजारोंची बाजू पटली होती. आज घरात कुत्रा आहे, आता सांगता येत नाही.

शिंगं-वलयाची गंमत मला कळते, पण त्यात माणूस मार्कांसाठी वागतो. टेकडीवर मला मार्क द्यायला कुणी नव्हतं. तू तो सेव्ह लोड करू दिला असतास, तर मीही बरोबर उत्तर शोधत बसले असते आणि ती पोरं, तो बॅरन, सगळे विसरून गेले असते. दहा वर्षं झाली, विसरले नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये 'द विचर ४'चा पहिला ट्रेलर आला तेव्हा पहिला फोन तुला केला. त्याची नायिका सिरी राक्षसाला मारून बळी जाणाऱ्या मुलीला सोडवते आणि गावकरीच त्या मुलीला मारून टाकतात. तू फोनवर नुसतं "टेकडी" म्हणालास.

'विचर २' मधला सेव्ह 'विचर ३' मध्ये आणता यायचा. तुझा तू आणलाही होतास. नव्या गेमलाही आपलं वेलेन आठवावं, एवढी एकच माझी आशा. कुणीतरी जाता जाता डाउनवॉरनचं नाव काढावं, बस.

चाळ पाडली, तू डोंबिवलीला गेलास. माझा तो सेव्ह पेनड्राइव्हवर जपून ठेवलाय, टेकडीनंतरचा. गेम आला की घेऊन येते. वाक्यं आता मला कळतात, तरी शेजारी तूच बस.

तुझी,
दुसऱ्या मजल्यावरची