नकाशावरची सही आणि श्रेय

महोदय,

गोव्यातील वास्तुकलेवरील आपल्या रविवारच्या लेखात एकाही महिला वास्तुविशारदाचे नाव नाही, हे खटकले. ही गळती नकाशापासूनच सुरू होते. बांधकाम परवान्याच्या नकाशावर नोंदणीकृत वास्तुविशारदाची सही लागते आणि ती बहुधा कार्यालयाच्या प्रमुखाची असते. चिऱ्यांच्या भिंतीचे, पागोळ्यांचे पाणी दूर टाकणाऱ्या छपराचे तपशील रेखाटून ते कामावर करून घेणारी सहकारी नोंदीबाहेरच राहते. पुढे कोनशिला आणि बातमी तेच एक नाव उचलतात. वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कारही १९९१ मध्ये एकट्या रॉबर्ट व्हेंचुरी या अमेरिकी वास्तुविशारदांना मिळाला. भागीदार डेनिस स्कॉट ब्राऊन वगळल्या गेल्या आणि २०१३ मध्ये फेरविचाराची मागणी फेटाळली गेली. सरकारी इमारतींच्या करारातच संकल्पना, तपशील व देखरेख करणाऱ्यांची नावे वेगवेगळी नोंदवावीत आणि आपण ती छापावीत.

– एक वाचक, फोंडा