स्वस्त पेडल घ्यावे, पण झाकण उघडून पाहावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गिटारच्या इफेक्ट पेडल्सविषयी, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांविषयी, जे पत्र छापून आले, त्यात ‘स्वस्त नकला घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, थांबा, पण अस्सलच घ्या’ असा सरसकट सल्ला होता. मी भुसावळला राहतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रासोबत आणि गणेशोत्सवात मंडळांच्या कार्यक्रमांतून वीस-बावीस वर्षे गिटार वाजवतो आहे, आणि फावल्या वेळात मित्रमंडळींची बिघडलेली पेडल्स उघडून दुरुस्त करतो. या दोन्ही उद्योगांच्या अनुभवावरून सांगतो, की तो सल्ला अर्धाही खरा नाही. ज्या मुलाला एका रात्रीचे हजार-दीड हजार रुपये सुटतात, त्याला पंधरा हजारांची वस्तू हप्त्याने घ्यायला लावण्याआधी त्या डबीच्या पोटात काय असते, हे त्याला कळले पाहिजे.

आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर या पेडलचेच उदाहरण घेतो. १९७०चे दशक संपता संपता जपानमध्ये तयार झालेल्या या हिरव्या पेडलच्या नकला अडीच-तीन हजारांत मिळतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. दिवाळीच्या सुट्टीत दोघांचीही झाकणे काढून मी ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. जुन्या अस्सल पेडलमध्ये ४५५८ क्रमांकाची आठ पायांची आयसी, म्हणजे चिप, नव्या नकलेतही तीच. ही आयसी काही दुर्मीळ रत्न नव्हे. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या बाजारात होम थिएटरसाठी बेस-ट्रेबलचा जो बोर्ड मिळतो, त्यावर बहुधा हीच बसलेली असते. तिच्याजवळ एकमेकांना उलट जोडलेले दोन साधे सिलिकॉन डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, आहेत. ते लाटेची टोके अलगद छाटतात आणि त्यातूनच तो मऊ, किंचित घोगरा आवाज येतो. साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना या टप्प्यात कमी बळ मिळते, म्हणून ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डचा बेस एकदम घुमत असतानाही गिटार त्यांच्याखाली दबत नाही. नव्या बोर्डावरचे सुटे भाग तांदळाच्या कणीएवढे बारीक आहेत, एवढाच डोळ्यांना दिसणारा फरक. आमच्या अमळनेरच्या ढोलकीवाल्याला पाठमोरा बसवून मी दोन्ही आळीपाळीने वाजवून दाखवली, तर ‘आवाज ते एकच शे, भाऊ’ म्हणून तो चहा घ्यायला उठला. माझ्या कानाला जुने पेडल किंचित कमी खरखरते असे वाटते, पण त्या किंचितची किंमत दहा-बारा हजार रुपये होते.

काही ठिकाणी तर नक्कलच बरी. लंडनमध्ये १९६६ साली निघालेल्या फझ फेस या, आवाज फाटका करणाऱ्या पेडलच्या सुरुवातीच्या नगांमध्ये आवाज वाढवणारे ट्रान्झिस्टर जर्मेनियम या पदार्थाचे असत आणि शौकीन माणसे आजही त्यांच्यावर जीव टाकतात. मात्र जर्मेनियममधून होणारी विजेची गळती तापमान दहाएक अंशांनी वाढले की जवळपास दुप्पट होते. गार खोलीत गोड वाटणारे असे पेडल मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली लावून पाहावे. स्वर मध्येच तुटू लागतो आणि मग त्याचा घसाच बसतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टरची स्वस्त नक्कल तेवढ्या तापातही निमूटपणे वाजत राहते.

डिलेच्या, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या, पेडल्सबाबत मात्र सावध राहावे. १९८१ साली आलेल्या बॉस कंपनीच्या डीएम-२सारख्या जुन्या पेडल्समध्ये, आग विझवताना माणसे रांगेने हातोहात बादल्या पुढे देतात तसा, आवाजाचा एकेक तुकडा एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकवणारी खास आयसी असे. मूळ जपानी कंपनीने त्या आयसी बनवणे कधीच बंद केले. पुष्कळशा स्वस्त डिलेमध्ये त्यांच्या जागी पीटी२३९९ ही कॅराओकेच्या इकोसाठी ओळखली जाणारी डिजिटल आयसी असते. तिचा आवाज वाईट नाही. इको लांबवला की त्यात खरखर शिरते, इतकेच. पण ती त्या पेडलची नक्कल नव्हे, वेगळीच वस्तू आहे, आणि हे खोक्यावर क्वचितच लिहिलेले असते.

स्वस्तपणा खरा नडतो तो जॅक आणि स्विचपाशी. दोन वर्षांपूर्वी चोपड्याजवळच्या एका हळदीत नाचणाऱ्या एका पाहुण्याचा पाय माझ्या केबलवर पडला आणि पेडलचा आवाज जागीच बंद झाला. ती रात्र मी केबल थेट अँप्लिफायरला जोडून कशीबशी निभावली. घरी येऊन उघडले, तेव्हा दिसले की जॅक डबीला नटाने घट्ट न आवळता थेट बोर्डावर डाखलेला होता आणि त्या एका हिसक्याने डाख उपटून आला होता. चाळीस-पन्नास रुपयांचा नवा जॅक डबीला आवळून त्याला दोन वायरी जोडल्या. तेव्हापासून तेच पेडल तक्रार न करता वाजते आहे. म्हणून स्वस्त पेडल घेताना आवाजाआधी त्याचे जॅक हलवून पाहावेत. वाचलेल्या पैशांतून ९ व्होल्टचा, मधले टोक ऋण असलेला चांगला अ‍ॅडॉप्टर घ्यावा, कारण घरातल्या वाय-फायचा अ‍ॅडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि त्याचे मधले टोक धन असते. तो लावून पेडल जाळलेली दोन मुले माझ्याकडे येऊन गेली आहेत.

नक्कल ही चोरी आहे, हा त्या पत्रातला आक्षेप जास्त गंभीर आहे, पण तो सरसकट लागू होत नाही. एमएक्सआरचे डिस्टॉर्शन प्लस आणि डीओडीचे २५०, दोन्ही नामांकित कंपन्यांची पेडल्स, यांचे सर्किट जवळपास एकच आहे. क्लॉन सेंटॉर हे १९९४ साली अमेरिकेत निघालेले पेडल; बनवणाऱ्याने सर्किट कोणाला दिसू नये म्हणून त्यावर काळी राळ ओतली आणि अशी सुमारे ८,००० पेडल्स विकली. आज जुने सेंटॉर काही लाखांना जाते, पण त्यातला पैसा जातो तो जुना माल विकणाऱ्याच्या खिशात, बनवणाऱ्याच्या नव्हे.

दुसऱ्याचे नाव लावून विकणे ही मात्र निव्वळ फसवणूक आहे. गेल्या महिन्यात एक मुलगा मोठ्या कंपनीचे नाव असलेले पेडल घेऊन माझ्याकडे आला. कोणाकडून तरी जुने म्हणून त्याने सहा हजारांना घेतले होते. नखाने खरवडताच नावाचे स्टिकर सुटून आले. आतला बोर्ड माझ्या अडीच हजारांच्या पेडलमध्ये आहे तसाच निघाला, आणि वाजतही तसाच होता.

आपला,
एक गिटारवादक, भुसावळ