घाटाच्या राजाची आठवण आणि एक कबुली

मेलबर्न

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी "या वयात सायकलच्या शर्यती कशाला?" असे विचारले आणि मी उत्तर न देता विषय बदलला. मला ते बरोबर वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी एक कबुली देते. गेल्या वर्षी जून-जुलैत मी दीड महिना व्हिडिओ कॉल टाळून नुसताच फोन करत होते, कारण माझा डावा हात झोळीत होता. सरावात माझे पुढचे चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला घासले, मी खांद्यावर पडले आणि कॉलरबोन मोडले. डोक्याला काही झाले नाही, पण हेल्मेटला तडा गेला आणि ते मी त्याच दिवशी टाकून दिले. आई, तुझी झोप उडू नये म्हणून मी ते लपवले. तसे करायला नको होते.

आता शर्यतीविषयी सांगते. इथे मास्टर्स गटात माझ्यासारखे चाळिशी-पन्नाशीतले आणि सत्तरी उलटलेले हौशी स्पर्धकही असतात, आणि या गटात 'हँडिकॅप' पद्धतीची शर्यत लोकप्रिय आहे. तीत सर्वांत हळू तुकडी आधी सुटते, मग ठरावीक मिनिटांच्या अंतराने एकेक वेगवान तुकडी, आणि सर्वांत बलवान 'स्क्रॅच' तुकडी शेवटी. अंतर नीट ठरवलेले असेल तर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये सगळे एकमेकांना गाठतात. मेलबर्न ते वॉर्नम्बूल ही 1895 साली सुरू झालेली प्रसिद्ध शर्यतही शंभर वर्षे याच पद्धतीने होत असे.

गेल्या शनिवारची आमची शर्यत 60 किलोमीटरची होती, जिलाँगच्या पलीकडच्या उघड्या माळावर. तिथे घाट नाही, पण वारा घाटाइतकाच दमवतो. ताशी तीसच्या पुढे गेले की बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि दुसऱ्याच्या आडोशाला राहिले तर त्यातली बरीच वाचते. म्हणून आम्ही आठ जण आळीपाळीने पुढे येत होतो. प्रत्येकाने थोडा वेळ वारा अंगावर घ्यायचा आणि बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचे. वारा बाजूने येऊ लागला की रांग तिरकी करावी लागते, मात्र रस्ता वाहतुकीला खुला असल्याने मधली रेघ ओलांडता येत नाही, आणि मग शेवटच्या दोघांना आडोसाच उरत नाही. आमच्या तुकडीतले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ 71 वर्षांचे होते. एकदाही आपली पाळी न चुकवता ते शेवटपर्यंत पुढे येत राहिले, आणि त्यांच्याकडे पाहताना, बाबा, मला सारखी तुमची आठवण येत होती.

तुम्हाला आठवते का, मुंबई-पुणे शर्यत बघायला तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळापर्यंत नेले होते? अर्धा घाट तुम्ही सायकल हातात धरून चढलात. घाटमाथ्यावर सर्वांत आधी पोहोचून 'घाटाचा राजा' कोण होणार म्हणून सगळे रस्त्याकडे डोळे लावून उभे होते, आणि तुम्ही म्हणालात, "चेहऱ्याकडे बघू नकोस, गुडघ्यांकडे बघ. दमलेल्याचे गुडघे आधी बाहेर पडतात." शनिवारी शेवटचे सहा किलोमीटर उरले असताना स्क्रॅचवाल्यांनी आम्हाला गाठले. चाकांचा आवाज मागून पाऊस यावा तसा आला आणि मी त्यांच्या मागे लागले. थोड्याच वेळात माझ्या पुढच्या स्पर्धकाचे गुडघे बाहेर पडू लागलेले मला दिसले. त्याच्यापुढे अंतर पडण्याआधीच मी बाजूने पुढे झाले, म्हणून तुकडीत टिकले आणि चौदावी आले. तो मागे राहिला. तुमचे शब्द आठवले नसते तर मीही त्याच्याबरोबर मागे राहिले असते.

आई, पाठीवरच्या खिशात मी तुझ्या पद्धतीने वळलेले खजूर-शेंगदाण्याचे छोटे लाडू नेते. दुसऱ्या तासाला ते फार उपयोगी पडतात. आता चाकाला चाक लागेल इतके जवळ मी जात नाही; पुढच्याच्या चाकाच्या किंचित बाजूला राहते. वर्षातून एकदा हृदयाची तपासणीही करून घेते. धोका उरतोच, हे मी नाकारत नाही. पण त्या दोन तासांत मी जितकी पूर्ण जागी असते, तितकी आठवड्याभरात कधीच नसते, आणि ते सोडून द्यावे असे मला मनापासून वाटत नाही.

बाबा, पडवीतली तुमची सायकल भंगारात देऊ नका. डिसेंबरमध्ये आले की तिचे टायर आणि साखळी मी स्वतः बदलीन.

पुढची शर्यत तीन आठवड्यांनी आहे. त्याच संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल करीन. पडले असले तरीही.

तुमची,
धाकटी