यावलीचे उत्तर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू "मजेत आहे, बाबा" एवढेच म्हणतेस आणि लगेच आजीला फोन द्यायला सांगतेस. आणि आजीच्या हाती गेलेला फोन माझ्याकडे परत येत नाही, हे तुला चांगले ठाऊक आहे. पत्र मध्येच कापता येत नाही, म्हणून काल कोजागिरीचे दूध झाल्यावर ठरवले की सकाळी बसून लिहायचेच. एक गोष्ट विचारायची आहे, पण ती आधी विचारणार नाही. आधी इकडची हकिकत सांगतो.

परवा टीव्हीवर प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात तुझा भाग लागला तेव्हा बंटीने ग्रामपंचायतीच्या हॉलात पडदा बांधला होता. निम्मे गाव जमले होते. सोयाबीन सोंगून आलेल्या बाया विळे कमरेला तसेच ठेवून दाराशी बसल्या होत्या. सूत्रसंचालकांनी गावाचे नाव उच्चारले तेव्हा सरपंचांनी उठून पडद्याकडे पाहून नमस्कार केला, जणू तिकडून त्यांना कोणी पाहत होते. तू पहिली पाच उत्तरे अशी दिलीस की मागे बसलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी "गुरुजी, गुरुजी" असा गलका केला. माझी छाती किती फुगली ते लिहीत नाही. ऐंशी हजारांपर्यंत तू एकही लाइफलाइन वापरली नाहीस, हे मी तिथल्या तिथे चार जणांना पुन्हा सांगितले, जरी ते त्यांनीही पाहिलेच होते.

मग तो एक लाख साठ हजारांचा प्रश्न आला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म कोणत्या गावी झाला? तू पर्याय वाचलेस आणि स्वच्छ म्हणालीस, "मला यावली वाटते आहे, पण हा प्रश्न माझ्या बाबांचा आहे." त्यानंतर हॉलमध्ये फोनवरचा माझा आवाज घुमला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

ऑगस्टमधल्या चित्रीकरणाच्या त्या दुपारी काय झाले ते मी तुला कधी सांगितलेले नाही. फोन येणार म्हणून मी सकाळपासून धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसलो होतो, जसा काही फोनमधून दिसणार होतो. शेजारी नकाशांचे पुस्तक, तारखांची वही, पाण्याचा तांब्या. तीस सेकंदांत तांब्याकडे बघायलाही सवड होत नाही, हे नंतर कळले. तू प्रश्न वाचलास आणि माझ्या तोंडून "मोझरी, शंभर टक्के मोझरी" असे निघून गेले. फोन बंद झाला आणि चुलीपाशी बसलेली तुझी आई तिथूनच ओरडली, "अवो, यावली होय ना थे!"

महाराज १९०९ साली यावलीला जन्मले आणि गुरुकुंज आश्रम १९३५ साली मोझरीला उभा राहिला, हे मी पस्तीस वर्षे पोरांकडून घोकून घेतले. चौथीत असताना तुला आणि तुझ्या वर्गाला एसटीने यावलीला नेणाराही मीच. तिथे तुझी चप्पल तुटली होती आणि तू परतीच्या बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसली होतीस. पण दरवर्षी पुण्यतिथीला पाय मोझरीकडे वळतात, म्हणून जिभेवर मोझरीच होती. याला सबब म्हणू नकोस. मी फक्त घडले ते लिहितो आहे.

त्या दिवसापासून परवापर्यंत तू माझे उत्तर घेतलेस की स्वतःचे, हे मला ठाऊक नव्हते. निकाल बाहेर सांगायचा नाही असा तिथला दंडक असतो, हे समजू शकतो. पण तू पोळ्याला चार दिवस घरी होतीस, बैलांची शिंगे रंगवलीस, तान्ह्या पोळ्याला लहान पोरांचे लाकडी बैल सजवून दिलेस, माझ्या ताटात दोनदा पुरणपोळी वाढलीस, आणि मनात हे सगळे घेऊन हसत होतीस. मला जरासुद्धा शंका येऊ दिली नाहीस. त्याचेच मला भय वाटते.

पडद्यावर उत्तर लाल झाले, ऐंशी हजारांचे दहा हजार झाले, आणि सूत्रसंचालकांनी विचारले की आता बाबांवर राग काढणार का. तू म्हणालीस, "उत्तर मी लॉक केले, तेव्हा चूक माझी. मला स्वतःलाच खात्री नव्हती." ताई, तुला खात्री होती. ते तू दोन मिनिटांपूर्वी सगळ्यांदेखत बोलली होतीस. मग तू उठून हात जोडलेस, प्रेक्षकांना नमस्कार केलास आणि जाता जाता पुढच्या फेरीसाठी थांबलेल्या स्पर्धकांसाठी टाळ्या वाजवल्यास. हॉलमध्ये बायांनी डोळे पुसले. पाटलांचे आबा म्हणाले, "हारावं तं असं." सगळे तुझा चेहरा पाहत होते. मी तुझा डावा अंगठा पाहत होतो. तो शेजारच्या बोटाच्या नखावर घासत होता, पाटीवर चुकलेले अक्षर थुंकी लावून पुसायचीस तेव्हा घासायचीस तसा.

नंतर तू रडलीस का? हे मी विचारणार नव्हतो. असो.

२००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाला तेव्हा आपल्याकडे टीव्ही नव्हता आणि आम्ही आबांच्या ओसरीवर जाऊन बघत असू. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले, ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. माझे लक्ष मात्र बाजूला बसलेल्यांकडे जाई. चार पर्याय क्रमाने लावण्यात ज्यांचे बोट पापणी लवण्याएवढे मागे पडले, ज्यांना त्या खुर्चीपर्यंत पोहोचताच आले नाही, ती माणसे पुढे गेलेल्यासाठी टाळ्या वाजवत असत. गावाकडून कोणाकोणाला सांगून आलेली असतील, उसने कपडे घालून आलेली असतील, आणि टाळ्या मनापासून वाजवत. मी दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांच्याविषयी सांगे. खो-खो हरलेल्या संघाने जिंकलेल्यांचा हात हाती घ्यायचा, ही रीत मी तिथूनच आणली. तू लहान असताना हरल्यावर भोकाड पसरलेस की मी तुला त्या माणसांचे नाव घेऊन गप्प करीत असे. ते आता आठवते आणि बरे वाटत नाही.

आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जीच्या बबिताताई ताडे यांचे उदाहरण तर तुला मी इतक्यांदा दिले असेल की तुला त्याचा कंटाळा आला असेल. शाळेत खिचडी शिजवणारी बाई, महिना दीड हजार मानधन, २०१९ मध्ये एक कोटी जिंकून आली. मला त्यांचे कौतुक कोटीपेक्षा पुढच्या प्रश्नाचे आहे. सात कोटींच्या प्रश्नावर खात्री नव्हती, तेव्हा त्यांनी खेळ सोडला. थांबणे हीसुद्धा एक प्रकारची हारच, पण ती त्यांनी आपल्या हाताने पत्करली. तुला मात्र थांबायची वेळच आली नाही, कारण फोनवर तुझा बाप शंभर टक्के म्हणत होता.

आणि जिंकण्यातही काय असते? मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी २०११ मध्ये पाच कोटी जिंकले आणि त्यानंतरचा काही काळ आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ होता, असे त्यांनीच पुढे लिहिले. पैसा आला की माणसे बदलतात, आपण बदलतो, अभ्यासावरचे चित्त उडते. तुझी तर परीक्षा डोक्यावर आहे, पूर्वपरीक्षेला किती दिवस राहिले ते मोज, रोजचे आठ तास झाले पाहिजेत, आणि रात्री जागून सकाळी झोपण्याची ती पुण्याची सवय

पाहा, पुन्हा सुरू झालो. क्षमा कर. गेलेल्या पैशांची सल मलाच आहे आणि समजूत तुझी घालतो आहे. सोसायटीचे उरलेले कर्ज आपण त्यातून भरू, असे तू उन्हाळ्यात म्हणाली होतीस. ते मी विसरलेलो नाही. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर जागेवरच तीस टक्के कर कापून घेतात, तो एक त्रास तरी आपला वाचला, असे मी आईला म्हटले. ती हसली नाही. ते दहा हजार तू आजीच्या डोळ्यांसाठी पाठवलेस, ते पोहोचले. आजी आता माझे अक्षर वाईट आहे असे सांगू लागली आहे.

तुझ्या आजोबांची एक गोष्ट मी आजवर अर्धीच सांगितली. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आपली जोडी, सर्ज्या आणि ढवळ्या, घड्याळाच्या काट्याएवढ्या फरकाने मागे राहिली, तेव्हा आजोबांनी आपल्या बैलांसाठी आणलेला झेंडूचा हार जिंकलेल्या बैलांच्या गळ्यात घातला; इथपर्यंत तुला पाठ आहे. शाळेत मीही इथपर्यंतच सांगत आलो. पुढचे असे की, ते हसत घरी आले, जेवले, आणि रात्री मी लघवीला उठलो तेव्हा गोठ्यात कंदील होता. आजोबा सर्ज्याच्या मानेला कपाळ टेकवून उभे होते आणि त्यांची पाठ हलत होती. मी आठ वर्षांचा असेन. मला वाटले ते बैलाची गोचीड काढत आहेत. पाठ का हलत होती हे कळायला मला फार वर्षे लागली, पण त्यांना निदान सर्ज्या होता.

बापूकाकांजवळ कोणी नव्हते. त्या संध्याकाळी पारावर सर्वांत मोठ्याने तेच हसत होते, हे गावात अजूनही सांगतात. मला त्याविषयी लिहायचे नाही. तुला ते आठवत असेल. तू तेव्हा सहावीत होतीस आणि काकूजवळ बसून होतीस. पण परवा पडद्यावर तू हात जोडून हसलीस तेव्हा सगळ्या हॉलात एकट्या काकू उठून बाहेर गेल्या. मी त्यांच्यामागे गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोरीले फोन करा." फोन केला, आणि तू म्हणालीस, "मजेत आहे, बाबा."

ताई, चार लोकांत तू जे केलेस ते योग्यच केलेस, आणि ते मीच शिकवले याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. पण तिथे माझी चूक तू पदरात घेतलीस, ती इथे माझी मला परत दे. मला फोन करून म्हण की बाबा, मला येत होते, तुमच्यामुळे गेले. आवाज चढवून म्हण. आई म्हणते तसे, एकदा भांड. तू रडलीस का, आणि रडलीस तेव्हा त्या खोलीत जवळ कोणी होते का, एवढे लिही. ती साताऱ्याची मुलगी अजून तुझ्याबरोबर राहते की खोली सोडून गेली? तिचा नंबर आईला दे. तिला काही विचारणार नाही, नुसता असू दे.

वावरात कापूस फुटला आहे. परवा सीतादहीची पूजा करून वेचणी धरली. खालच्या तुकड्यात अळी आहे, वरचा बरा आहे. तुझ्यासाठी ज्वारीचे पीठ आणि तिखट बंटीच्या मित्राबरोबर पाठवतो आहे, तो दिवाळीच्या आधी पुण्याला येतो.

पाच दिवसांनी महाराजांची पुण्यतिथी आहे. या वर्षी वाट वाकडी करून मी आधी यावलीला जाणार आहे आणि मग मोझरीला. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांच्या मौनाला तिथे पोहोचेन. मौन सुटले की आश्रमाच्या फाटकाबाहेर उभा राहून तुला फोन लावीन. गर्दी फार असते, ऐकू नीट येत नाही, तेव्हा तुला मोठ्यानेच बोलावे लागेल. आजी त्या दिवशी माझ्याबरोबर नसेल.

तुझा,
बाबा