तक्रार: ‘कॅरिअर-फ्री’ छापलेल्या कुपीत बीएसए

प्रति,
गुणवत्ता विभाग

तुमच्या तांत्रिक सेवेशी तिसरा फोन आत्ताच संपला. यापुढे जे काही ते लेखी.

मागवलं होतं मानवी सीडी16ए, म्हणजे अँटिबॉडीला धरणारा पेशीवरचा रिसेप्टर: व्हॅलिन प्रकार, एचईके293 या मानवी पेशींत बनवलेला बाह्य भाग, हिस्टिडिन टॅगसह, 50 मायक्रोग्रॅम, कॅरिअर-फ्री, म्हणजे टिकवण्यासाठी दुसरं प्रोटीन न घातलेला. कुपीवरही तेच छापलंय. आत मात्र बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आहे, तेही भरपूर.

कुपी फिरवून पावडर तळाला बसवली, 250 मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस बफर घातलं, 15 मिनिटं तशीच ठेवली. व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात हलवणं) केलेलं नाही. हे तिन्ही फोनवर विचारून झालंय. तुमच्या पत्रकाप्रमाणे मिलिलिटरला 200 मायक्रोग्रॅम यायला हवं. एकूण प्रोटीन मोजणाऱ्या बीसीए चाचणीत आलं 10 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे 50 पट. एका मायक्रोग्रॅम प्रोटीनमागे 50 मायक्रोग्रॅम बीएसए हे कॅरिअर घातलेल्या मालाचं नेहमीचं प्रमाण. तुमच्या भरणी विभागाला ते पाठ असणार.

जेलवर 5 मायक्रोलिटर चढवलं. 66 किलोडाल्टनला लेन फुगवणारा जाड गोळा, आणि त्याच्या खाली 40 ते 50 च्या दरम्यान रिसेप्टरचा फिकट, पसरट पट्टा. त्यावर आजच्या फोनवरचे गृहस्थ म्हणाले, ‘66 चा बँड ग्लायकोसिलेशनमुळे असेल.’ त्यांना सांगितलं, प्रोटीनवरच्या साखरेच्या साखळ्या (एन-ग्लायकन) कापणारं एन्झाइम पीएनजीएज एफ घातल्यावर पसरट पट्टा 25 च्या खाली उतरला, एन्झाइमचा स्वतःचा बँड 36 ला दिसला, 66 चा गोळा जागचा हलला नाही. बीएसएवर एन-ग्लायकन नसतातच. ‘मग डायमर असेल.’ डायसल्फाइड बंध तोडून रेणूंच्या जोड्या सुट्या करणारं डीटीटी घालून उकळलेल्या नमुन्यात? यावर उत्तर नाही. मग म्हणाले, ‘लेबलवर 176 आहे, तुम्ही 158 म्हणताय. तुम्ही दुसरंच प्रॉडक्ट मागवलंय.’ 158 आणि 176 ही त्या व्हॅलिनच्या एकाच जागेची, दोन मोजण्यांतली नावं आहेत. रिसेप्टर विकणाऱ्या माणसाला एवढं माहीत नसेल, तर त्याला ग्राहकाच्या चुका काढायला बसवू नका. शेवटचा सल्ला, हिस्टिडिन टॅग निकेलला चिकटतो म्हणून: ‘निकेल कॉलमवर बीएसए काढून टाका ना.’ 50 मायक्रोग्रॅम मालातलं कॉलमवर किती वाया जातं, टॅग सोडवायला घातलेलं इमिडाझोल पुन्हा काढावं लागतं, आणि बीएसएही निकेलला थोडं चिकटतं. शुद्धीकरणाचे पैसे तुम्ही घेतलेत, ते काम ग्राहकाने का करायचं?

नुकसान कुठे झालं ते नीट वाचा. रिसेप्टर सेन्सरवर बसवायला त्याला बायोटिन लावलं. त्यासाठीचं एनएचएस-बायोटिन प्रोटीनमधल्या लायसिनला धरतं आणि बीएसएच्या एका रेणूत 60 च्या आसपास लायसिन असतात. बायोटिन जवळजवळ सगळं बीएसएने खाल्लं. बायोटिन पकडणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन सेन्सरवर लोडिंग सुरेख चढलं, पण ते बीएसएचं होतं. फ्यूकोज साखर नसलेली आयजीजी1 अँटिबॉडी, जी व्हॅलिन प्रकाराला घट्ट बसायलाच हवी, तिचं बसणं जवळपास शून्य. बेसलाइन इतकी स्वच्छ होती की दोष अँटिबॉडीचा वाटावा. एखाद्याने त्या आकड्यांवरून चांगला अँटिबॉडी-क्लोन फेकून दिला असेल. म्हणून पुन्हा सांगतो: कुपीवर ‘कॅरिअर-फ्री’ छापलंय आणि आत बीएसए आहे.

या लॉटचा, डीटीटीसह आणि डीटीटीशिवाय, जेलचा मूळ फोटो पाठवा. विश्लेषण प्रमाणपत्रावर ‘95 टक्क्यांहून शुद्ध’ लिहिलंय, पण फोटो नाही. दुसऱ्या लॉटची बदली कुपी द्या, बायोटिन अभिकर्मक आणि सेन्सरचा खर्च परत करा. आणि ज्यांना ज्यांना हा लॉट गेला त्या प्रत्येकाला कळवा. ही मागणी सगळ्यात आधी. दहा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर खरेदी विभाग तुमचं नाव पुरवठादारांच्या यादीतून काढेल. इतकी वर्षं तुमचं प्रमाणपत्र न तपासता फायलीला लावत आलो, त्याचं वाईट वाटतं.

उरलेलं द्रावण 20 मायक्रोलिटरच्या भागांत उणे 80 अंशाला ठेवलंय. तपासणीसाठी माणूस पाठवा, कोरड्या बर्फासह.