निर्लेखनाआधी एकदा झाकण उघडा

मा. संपादक यांस,

विषय : शाळा, सोसायट्या व पतसंस्थांतील जुन्या संगणकांचे निर्लेखन

महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की शाळांच्या, सेवा सहकारी सोसायट्यांच्या आणि पतसंस्थांच्या मागच्या खोल्या झाडायला निघतात. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीत, पंचवीस-तीस वर्षं बसून असलेले संगणक बाहेर येतात, निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून कमी करण्याचा, ठराव होतो आणि ‘जुने संगणक, नग ८’ एवढ्या एका ओळीत सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. त्याला आमची हरकत नाही. खोली लागते, हे खरंच आहे. हरकत आहे ती ठराव आणि काटा यांच्या मधल्या एका हौसेला. ‘बघू तरी, चालू होतो का’ म्हणत कुणीतरी वायर खोचतो आणि बटण दाबतो. वीस वर्षं बंद राहून जे टिकलं, ते त्या पाच सेकंदांत जातं. जुने संगणक खोलून दुरुस्त करायचा नाद असलेल्या आम्हा काही जणांचं म्हणणं एवढंच, की बटणाला हात लावण्याआधी झाकण उघडा.

झाकण उघडल्यावर आधी बॅटरी शोधा. ३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, बहुधा कीबोर्डच्या सॉकेटशेजारी, करंगळीच्या पेराएवढं निळं किंवा हिरवं पिंप डाग देऊन बसवलेलं असतं. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ही बॅटरी एकदम फुटत नाही, झिरपते. आतलं अल्कधर्मी रसायन बोर्डवर पसरतं. आसपास मोरचुदासारखा हिरवा-निळा थर दिसला की नुकसान सुरू झालं समजा. तांब्याच्या केसासारख्या रेघा हा थर खात जातो, आणि सॉकेट शेजारीच असल्यामुळे पहिली तक्रार येते ती ‘कीबोर्ड चालत नाही’ अशी. मग नवा कीबोर्ड आणला जातो. तोही चालत नाही.

अशी बॅटरी निप्परने दोन्ही पाय कापून काढायची. थरावर पांढरं व्हिनेगर टाकून जुन्या टूथब्रशने घासायचं; थोडा फेस येतो, तो यायचा थांबला की डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो त्याच पाण्याने, दोनदा धुवायचं. व्हिनेगर तसंच राहिलं तर तेही तांबं खातं. लिंबूही चालतं, पण त्याचा गर पिनांच्या सांदीत राहतो. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवून बोर्ड सावलीत, पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळू द्यायचा. नंतर मल्टिमीटर ‘बीप’वर लावून कीबोर्डच्या सॉकेटपासून निघणारी एकेक रेघ तपासायची. तुटलेली सापडली तर मोटार वाइंडिंगच्या दुकानातली ३६ गेजची तार, टोकांचं इनॅमल खरवडून, वरून जोडता येते.

नवी बॅटरी लावताना एक चूक हमखास होते. मूळ बॅटरी चार्ज होणारी असते, म्हणून बोर्ड तिला सतत करंट देतो. त्या जागी सीआर २०३२ चा गोल लिथियम सेल थेट जोडला, तर न चार्ज होणारा सेल चार्ज व्हायला लागतो. तो फुगतो, फुटूही शकतो. साधा उपाय म्हणजे तीन पेन्सिल सेलचा होल्डर. साडेचार व्होल्टमधून एका वन-एन-४१४८ डायोडचे सहा दशांश गेले की ३.९ उरतात, ते बोर्डला चालतात. डायोडची पट्टी असलेली बाजू बोर्डकडे. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते, शेजारचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, मात्र बदलावी लागते. होल्डर लांब वायरवर ठेवून कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवा. पेन्सिल सेलही कधीतरी गळतातच. काही बोर्डांवर बॅटरीऐवजी ‘डॅलस’ लिहिलेली काळी वीट असते. तिच्या पोटातच सेल असतो. ती गळत नाही, फक्त संपते.

आता या बॅटरीचा खरा उपद्रव सांगतो. ती संपली की तारीख १ जानेवारी १९८० होते, त्याचं काही नाही. पण हार्ड डिस्क कोणत्या मापाची आहे, हेही संगणक विसरतो. पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो आणि बघणारा सांगून मोकळा होतो, ‘हार्ड डिस्क मेली.’ डिस्क ठणठणीत असते. तिच्या लेबलवर सिलिंडर, हेड आणि सेक्टर असे तीन आकडे छापलेले असतात; सेटअपमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन टाइप ४७ (आकडे स्वतः भरायचा प्रकार) निवडायचा आणि ते भरायचे. सेटअपवाल्याने पूर्वी लेबलापेक्षा वेगळे आकडे भरलेले असतील तर डिस्क दिसते पण फाइली वेड्यावाकड्या दिसतात. अशा वेळी आकडे बदलून पाहायचे, डिस्कवर काही लिहायचं नाही. आणि काही झालं तरी फॉरमॅट करायचं नाही. सभासदांच्या ठेवी-कर्जाच्या किती खात्यांवर अशा एका ‘फॉरमॅट’ने बोळा फिरला असेल, कोण जाणे.

डिस्कवर थेट काम न करता आधी तिची नक्कल घ्यावी. आयडीई ही त्या काळच्या हार्ड डिस्कची जोडणी; बाजारातली यूएसबी-आयडीई अडॅप्टरं साधारण १९९६ च्या आधीच्या डिस्क बऱ्याचदा ओळखतच नाहीत, कारण त्या डिस्कना पत्ता सांगायची नवी पद्धत येत नाही. त्यापेक्षा पेंटियमच्या काळातल्या, आयडीई सॉकेट असलेल्या चालू संगणकाला ती लावून लिनक्समधल्या डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्क एका फाइलीत उतरवावी. पहिल्या फेरीत अडलेले सेक्टर सोडून पुढे जायचं, हट्ट दुसऱ्या फेरीत करायचा. डिस्क नुसतीच गुणगुणते आणि फिरत नाही, तर हेड थाळीला चिकटलेलं असतं. डिस्क आडवी धरून मनगटाने चकतीच्या फिरण्याच्या दिशेने झटका दिला तर बऱ्याचदा सुटते. सुटली की नक्कल पुरी होईपर्यंत बंद करू नका. फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बाहेर काढताच दव धरतं. नंतर त्या संगणकाला रोज चालवायचं असेल तर डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड ४० पिनांच्या अडॅप्टरवर बसवता येतं. पण जुनं बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डवरचा मूळ प्रोग्राम, १०२४ सिलिंडर × १६ हेड × ६३ सेक्टरच्या पुढे, म्हणजे ५२ कोटी ८४ लाख बाइटांच्या पुढे पाहू शकत नाही. म्हणून ५१२ एमबीचं कार्ड घ्यावं.

पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, हा दुसरा घातकी. मागे ११५/२३० असा लाल सरकता खटका असतो. झाडताना, हलवताना तो ११५ वर सरकलेला असला तर आपल्या २३० वर आतले कपॅसिटर बंदुकीसारखे वाजतात. खटका पाहूनही थेट लाइनवर लावू नका. गावातल्या मोटार मेकॅनिककडे असतो तसा सिरीज बल्ब, म्हणजे लाइनच्या एका वायरीत मधे जोडलेला बल्ब, वापरा. ६० वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्बच हवा, एलईडीचा उपयोग नाही. मदरबोर्ड आणि डिस्कच्या सगळ्या वायरी सोडवून ठेवा, लाल आणि काळ्या वायरीत ५ ओहम १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावा, कारण भार नसताना जुने सप्लाय नीट उठत नाहीत. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्ब नसता तर आत्तापर्यंत धूर झाला असता. लुकलुकत राहिला तर १०० वॉटचा लावून पाहा. मग सिरीज बल्ब काढून, तोच भार ठेवून, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले की मदरबोर्डला जोडा. जोडताना पी-८ आणि पी-९ या दोन प्लगांच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलटं बसवलं तर बोर्ड गेला.

एटी कॅबिनेटमध्ये, म्हणजे त्या काळच्या या संगणकांच्या खोक्यात, पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. उंदरांनी त्याच वायरी कुरतडलेल्या असतात, तेव्हा प्लग काढल्याशिवाय आत हात नको. सप्लायचा डबा स्वतः उघडायचा नाही. आत दोन मोठे कपॅसिटर मिळून सव्वातीनशे व्होल्ट धरून बसलेले असतात. डब्यातून आंबट-जळका धूर आला तर बहुधा लाइनवरचा एक्स-२ कपॅसिटर गेला. जुने रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक असतात, त्यांना तडे जातात, तड्यांतून दमटपणा शिरतो. केंद्र सरकारच्या क्लास या शालेय संगणक शिक्षणाच्या योजनेत १९८० च्या दशकात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले होते. त्यांच्या सप्लायमध्ये हेच बसलेले आहेत. तसा एखादा कुठल्या शाळेच्या कपाटात असेल तर चालू करण्याआधी ते बदलून घ्यावेत.

गावात अर्थिंगची बोंब असते. अर्थ नसला की सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर निम्मा दाब, सुमारे ११५ व्होल्ट, तरंगतो. माणसाला झिणझिण्या येतात, पण प्रिंटरची केबल चालू संगणकाला खोचली तर पोर्टच जातो. दोन्ही बंद करूनच केबल लावा.

उन्हाचंही गणित आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं. १०५ अंशांवर २००० तास चालेल असं छापलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ढोबळ हिशेबाने ३२,००० तास जातो. ८५ अंशवाला तेवढ्याच उष्णतेत ८००० तासच. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ४५ अंश असताना बंद खोक्याच्या आत ६५ व्हायला वेळ लागत नाही. त्यात पंखा कापसाच्या फुईने आणि कुटाराच्या धुळीने जाम झालेला. डोकं फुगलेले किंवा बुडाशी तपकिरी ओल धरलेले कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशवाले आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) घ्या. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला साधा माल मदरबोर्डवर टिकत नाही. पंख्याला मात्र शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब स्टिकरखाली पुरतो.

फ्लॉपी. साडेतीन इंची असो वा सव्वापाच, पावसाळ्यात बंद कपाटातल्या फ्लॉपीला बुरशी धरते. खिडकीतून पाहा : पांढुरके गोल डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये टाकू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा, मधला हब हाताने फिरवत, हलका फिरवायचा. वाचण्याआधी फ्लॉपीवर चुकून काही लिहिलं जाणार नाही, अशी सोय करा. इथे लोक गोंधळतात : साडेतीन इंचीचं भोक उघडं असलं की ती सुरक्षित, सव्वापाच इंचीची खाच झाकली की ती सुरक्षित. ३६० केबीच्या फ्लॉपीवर १.२ एमबीच्या ड्राइव्हने काही लिहूही नये; त्याचा पट्टा अरुंद पडतो आणि जुना ड्राइव्ह ते वाचताना चाचपडतो. ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला असेल तर ड्राइव्ह खराब नाही, केबल उलटी बसली आहे.

मराठी मजकुराबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. विंडोजआधीच्या डॉसच्या काळात मराठी अक्षरं दाखवायला सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं ‘जिस्ट’ कार्ड बहुधा लागायचं. ते मदरबोर्डवरच्या काळ्या आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे जोडकार्डांच्या खाचेत, बसवलेलं असतं. त्यावर टाइप केलेलं इस्की या संकेतात साठवलेलं असतं, ज्याचं भारतीय मानक १९९१ चं आहे. कार्ड भंगारात गेलं की त्या संगणकावर ती गावनावं, सभासदनावं नुसती चिन्हं दिसतात. तसंच प्रिंटरच्या पोर्टला मागून लावलेला छोटा बिनकेबलचा प्लग दिसला तर तो फालतू समजून फेकू नका. तो सॉफ्टवेअरचं कुलूप असू शकतो. हिशेबाच्या फाइलींचं शेपूट डीबीएफ असेल तर काळजी नाही, लिबरऑफिसमध्ये थेट उघडतात. मराठी रकान्यांना मात्र इस्कीतून युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं. मूळ प्रोग्राम डॉसबॉक्सवर, म्हणजे आजच्या संगणकावर डॉस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बहुधा चालतो, पण नकलेवरच चालवा. तारीख १९८० धरून व्याज लावून बसला तर दोष त्याचा नाही.

मॉनिटर उघडू नये, एवढंच. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही राहतात.

कॅबिनेटला किल्लीचं छोटं कुलूप असतं आणि किल्ली सहसा हरवलेली असते. कुलूप लागलेलं असलं की कीबोर्ड मुद्दाम बंद राहतो. खिळ्याने उचकटू नका. बोर्डवर ‘की-लॉक’ लिहिलेल्या जागेवरचा लहान प्लग उपसला की काम होतं.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावा, हे संस्थांना माहीत असतंच. आमची मागणी त्याच्याआधीची आहे. लिलावाच्या किंवा निर्लेखनाच्या यादीत ‘संगणक, नग ८’ न लिहिता प्रत्येक नगापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : प्रोसेसर कोणता, काळे स्लॉट किती, आणि हार्ड डिस्क आत आहे की काढून ठेवली. काढलेल्या डिस्कवर खोलीचं नाव आणि वर्ष लिहून ती कागदात गुंडाळून संस्थेच्या दप्तरात राहू द्यावी. यादी पंधरा दिवस आधी नोटीस बोर्डावर लागली, तर या खोक्यांचे गिऱ्हाईक भंगाराच्या भावाहून जास्त पैसे घेऊन स्वतः येतील.

आपला,
जुन्या संगणकांचा एक दुरुस्तीछंदी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ